शंभर, नव्वद, ऐंशी…

साल कोणतं? महिना कोणता? आपण कुठल्या शहरात, कुठल्या हॉस्पिटलात आहोत? मग पेन, घड्याळ, बटण दाखवून त्यांची नावं विचारायची. डोळे मिटायला किंवा दोन बोटं वर करायला सांगायचं. शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजून घ्यायचं, आणि एक वाक्य लिहून घ्यायचं. एकूण गुण 10. रक्ताच्या कर्करोगावर कार-टी, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याचा, उपचार घेतलेल्या पेशंटची ही रोजची परीक्षा. नातेवाइकांना ती पोरखेळ वाटते. पण उपचाराची झळ मेंदूला लागू लागली की बोलणं अडखळण्याआधीच कधी कधी अक्षर बिघडतं. म्हणून सिस्टर वाक्य रोज तेच आणि एकाच वहीत लिहून घेते. कालच्या ओळीखाली आजची ओळ आली की फरक लपत नाही. परीक्षा अर्थातच पेशंटच्या भाषेत हवी. लिहिता न येणाऱ्या आजीचे गुण कसे मोजायचे, हे उपचाराआधीच ठरवून ठेवलेलं बरं.

सिस्टरचं दुसरं शस्त्र थर्मामीटर. चेतवलेल्या प्रतिकारपेशी रसायनांचा पूर सोडतात आणि ताप चढतो. 2012 मध्ये फिलाडेल्फियात कार-टी घेतलेली एमिली व्हाइटहेड ही चिमुरडी याच तापाने मरणाच्या दारात गेली होती. संधिवातावरच्या टोसिलिझुमॅब या औषधाने तिला परत आणलं. आज ते औषध हाताशी असतं, पण वेळेत मागवायला ताप वेळेत कळायला हवा. आपल्याकडे अंग गरम लागलं की आधी पॅरासिटामॉल. सिस्टरला ही सवयच मोडावी लागते: 100.4 फॅरनहाइट दिसलं की गोळी नाही, आधी फोन. शिवाय तो ताप जंतुसंसर्गाचाही असू शकतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या पेशंटच्या बाबतीत दोन्ही शक्यता धरूनच धावपळ करावी लागते.

प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या इतर औषधांतही हाच धोका असतो. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरच्या टेक्लिस्टामॅबचं इंजेक्शन त्वचेखाली, चढत्या मात्रेत देतात: किलोमागे 0.06, मग 0.3, मग 1.5 मिलिग्रॅम. धोका बहुतेक या पहिल्या पायऱ्यांवरच. ब्लिनाटुमोमॅबची तऱ्हा वेगळी. पंपाला जोडलेल्या पिशवीतून ते 28 दिवस सलग चालू असतं, घरीसुद्धा. तिथे सिस्टर एक गोष्ट घोकून घेते: नळी फ्लश करायची नाही. नळीत उरलेलं औषध एकदम रक्तात गेलं तर घात होतो.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार-19’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. परदेशात कोटींत जाणारा उपचार इथे लाखांत आला. किमतीची चर्चा खूप झाली. राहण्याची मात्र फारशी नाही. अमेरिकेत कार-टी घेतलेल्या पेशंटने उपचारकेंद्राजवळ चार आठवडे राहावं असा दंडक होता, 2025 मध्ये तो दोन आठवड्यांवर आला. परळच्या टाटा मेमोरियलला येणारे कितीतरी पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात. माझ्या मते, ओपीडीतून उपचार करायचे की नाही हा निर्णय रक्ताच्या रिपोर्टइतकाच सिस्टरच्या चौकशीवर ठरायला हवा: सोबत चोवीस तास कोण आहे, त्याला थर्मामीटर वाचता येतो का, फोनला रेंज आहे का, आणि रात्री दोन वाजता टॅक्सीचे पैसे कोणाच्या खिशात आहेत.