वेग खरोखर किती उतरला?
ब्रिटनमधील ज्या खेड्यांतून मुख्य रस्ता जातो, तेथे वस्तीत सामान्यतः ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची वेगमर्यादा असते आणि ती पाळली जावी म्हणून वेशीपाशी ठळक प्रवेशखुणा उभारणे, रस्ता अरुंद करणे, गतिरोधक घालणे असे उपाय योजले जातात. त्यांचा परिणाम मोजताना रस्त्यावर ठरावीक अंतराने दोन रबरी नळ्या आडव्या टाकतात आणि चाकाने दाबल्या गेलेल्या हवेच्या दोन धक्क्यांमधील वेळेवरून प्रत्येक वाहनाचा वेग काढतात. सरासरीइतकेच महत्त्व ‘८५व्या शततमका’ला, म्हणजे ८५ टक्के वाहने ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात त्या वेगाला असते. वेशीवर मंदावलेली गाडी गावाच्या मध्यावर पुन्हा वेग घेऊ शकते, म्हणून केवळ वेशीवरची नोंद फसवी ठरते.

अपघातांची मोजणी मात्र अधिक अवघड असते. एका खेड्यात ते मुळातच थोडे घडतात आणि उपायांसाठी बहुधा वाईट वर्षानंतरच गाव निवडले जात असल्याने पुढील वर्षीचा आकडा काहीही न करताही घटण्याची शक्यता असते. या प्रवृत्तीला संख्याशास्त्रात ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. त्यामुळे उपाय न केलेल्या, पण तशाच गावांशी तुलना केल्याशिवाय यशाचा दावा करणे अयोग्य होय. तरीही वेगातील लहानशी घट क्षुल्लक मानू नये, कारण स्वीडिश संशोधक योरान निल्सन यांच्या प्रतिमानानुसार प्राणघातक अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतात आणि वेग ५ टक्क्यांनी उतरल्यास ते सुमारे १९ टक्क्यांनी घटतात.