घरचा संगणक – भाग ७ : पंच्याहत्तर वॉटांची वेस

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणे थांबवले. मोठ्या कंपन्यांनी जुने डेस्कटॉप काढायला त्याच्या आधीपासूनच सुरुवात केली होती. ते डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर आता ‘रिफर्बिश्ड’ म्हणून फिरत फिरत तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत येतात. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. पाथर्डीचा फ्लेक्सवाला, श्रीगोंद्यात लग्नाच्या शूटिंगचे मिक्सिंग करणारा, लोणी-संगमनेरला अभियांत्रिकी शिकणारी मुलगी, या सगळ्यांना हा छोटा, दणकट, आवाज न करणारा डबा परवडतो. तो घरी आला की थोड्याच दिवसांत पुढचा विषय निघतो तो ग्राफिक्स कार्डाचा, आणि दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती जीबीचं घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न फार तर तिसरा असावा. पहिला प्रश्न असा हवा : हे कार्ड वीज कुठून घेणार? त्याचे उत्तर मिळाले की निम्मी यादी आपोआप गळते, आणि उरलेल्या यादीतून निवडणे वाटते तितके अवघड राहत नाही.

कार्ड मदरबोर्डवरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये बसते, तो पीसीआय एक्सप्रेसचा सोळा लेनचा स्लॉट नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यातले ६६ वॉट १२ व्होल्टच्या वाटेने येतात, म्हणजे साडेपाच अँपिअर, बाकीचे ३.३ व्होल्टच्या वाटेने. याहून जास्त भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. ६ पिनांची वायर आणखी ७५ वॉट देते, ८ पिनांची १५०. ही ७५ वॉटांची रेषा गावच्या वेशीसारखी आहे. आत आहात तोवर एसएमपीएस, केबिनेट, पंखे, इन्व्हर्टर सगळे आहे तसे चालते. बाहेर पाऊल टाकले की एकेक वस्तू बदलायला लागते आणि ‘बजेट’ हा शब्द कार्डापुरता उरत नाही. नगरच्या एमआयडीसीत मोटारी आणि स्विचगिअर बनतात. तिथल्या कामगाराला हे नवीन नाही. नेमप्लेटवरचे अँपिअर वाचल्याशिवाय तो मोटार लाइनला जोडत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण खोक्यावरचे चित्र पाहून खरेदी करतो.

आता डब्याची नेमप्लेट वाचू. या छोट्या ब्रँडेड संगणकांचा एसएमपीएस मॉडेलप्रमाणे साधारण १८० ते २९० वॉटांचा असतो. ऑप्टिप्लेक्स ७०१०च्या छोट्या बांध्यात २४० वॉट, ९०२०च्या छोट्या बांध्यात २५५. प्रोसेसर पूर्ण ताणावर ६५ ते ८५ वॉट घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून तिसेक वॉट धरा. त्यावर ७० वॉटांचे कार्ड आले तरी बेरीज दोनशेच्या आत राहते, म्हणजे २४० वॉटांच्या डब्यात श्वास घ्यायला जागा आहे. १८० वॉटांच्या डब्यात ती नाही. तिथे ३० ते ५० वॉटांच्या कार्डावर समाधान मानावे. काही मॉडेलांत कंपनीने स्लॉटलाच ७५ वॉटांहून कमी मर्यादा घातलेली असते, म्हणून त्या नेमक्या मॉडेलचे मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून पाहणे हे पाच मिनिटांचे काम टाळू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : एसएमपीएस बदला की! मोठ्या टॉवरच्या असेंबल्ड संगणकात हा सल्ला योग्यच आहे. ब्रँडेड डब्यात मात्र बाजारातला एसएमपीएस आकाराने बसत नाही, आणि बसवलाच तर वायर जुळत नाही. नेहमीच्या २४ पिनांऐवजी डेल ९०२०च्या पिढीत मुख्य जोड ८ पिनांची आहे, एचपीच्या अनेक मॉडेलांत ६ पिनांची, लेनोवोच्या काहींत १४ पिनांची. कन्व्हर्टर मिळतात, पण मग झाकण उघडे ठेवून, एसएमपीएस टेबलावर पसरून संगणक चालवायचा. नगरकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत तो किती दिवस चालेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय स्वस्त एसएमपीएसवर छापलेल्या ‘४५० वॉट’वर विसंबता येत नाही. लेबलावर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि बारांनी गुणावे. १८ अँपिअर असतील तर कार्ड आणि प्रोसेसरच्या वाट्याला येणारी खरी ताकद २१६ वॉटच आहे, मोठा आकडा काहीही म्हणो. दुसरी पळवाट साटा वायरीला जोडून ६ पिन काढणाऱ्या तुकड्याची. साटाच्या जोडाला १२ व्होल्टवर ५४ वॉटांची मर्यादा आहे आणि त्यातून आपण ७५ ओढायला निघालो. हे तुकडे वितळल्याचे दाखले जगभर आहेत, त्यावर अधिक लिहीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धत सोडली आणि त्या कामाला जुंपलेली हजारो कार्डे जुन्या बाजारात आली. त्यातले आरएक्स ५८० आजही स्वस्तात मिळते आणि ७५ वॉटांच्या बऱ्याच कार्डांना मागे टाकते. मग महाग आणि दुबळे कार्ड का घ्यायचे? याला बहुतेक जण वीजबिलाचे उत्तर देतात. ते करून पाहू. आरएक्स ५८०ची भूक १८५ वॉट, म्हणजे ११० वॉट जास्त. रोज चार तास पूर्ण ताण, वर्षाचे ३०० दिवस : १३२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १,३२० रुपये. हा आकडा फसवा आहे, कारण चार तास सलग पूर्ण ताण घरगुती संगणकावर क्वचित येतो. मजकूर टाइप करताना किंवा सिनेमा पाहताना दोन्ही कार्डांतला फरक थोडाच उरतो. तेव्हा केवळ महावितरणच्या बिलासाठी छोटे कार्ड घ्या, असे मी म्हणणार नाही.

खरा मुद्दा वीज जाते तेव्हाचा आहे. वस्तीवरची अनेक घरे शेतीच्या लांबलचक लाइनवर असतात. थ्री फेज पाळीने येते, एरवी सिंगल फेजवर भागवायचे, आणि व्होल्टेज पडले की यूपीएस टिकटिक करत बॅटरीवर जातो. घरच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी धरा. कागदावर १,८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण निचरायची नाही आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो, म्हणून हाती साधारण हजार येतात. छोट्या कार्डाचा संगणक मॉनिटरसह दोनशेच्या आसपास ओढतो, तेव्हा काम पाचेक तास चालेल. आरएक्स ५८०वाला तीनशेच्या पुढे जातो. तीन तासही हिशोबापुरतेच, कारण लेड-ॲसिड बॅटरीतून जितक्या जोराने ओढाल तितकी ती एकूण कमी देते. आणि त्याच बॅटरीवर घरातले पंखेही आहेत. साधा ६०० व्हीएचा यूपीएस तर मुळात ३६० वॉटांच्या आसपासचा. जोराचा झटका बसला की तो संगणकासकट बंद. जाता जाता एक : या ब्रँडेड एसएमपीएसमधल्या ॲक्टिव्ह पीएफसीचे स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरशी नेहमी पटत नाही, तिथे प्युअर साइन वेव्हच घ्यावा.

आता वेशीच्या आतली मंडळी. जीटी ७१० आणि जीटी ७३० अजून नवीन म्हणून विकली जातात, याचे एक कारण त्यांच्या मागचा निळा व्हीजीए जोड असावा; जुना मॉनिटर थेट लागतो. पण ७१०मधली केप्लर ही पिढी २०१२ची, तिच्यासाठीची नियमित ड्रायव्हर-मालिका २०२१मध्ये थांबली, आणि अलीकडच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्सच तिच्याहून बरे. मॉनिटर चालू करण्याखेरीज तिचा उपयोग नाही. जीटी १०३० फक्त ३० वॉट घेते, पण एकाच नावाने दोन कार्डे विकली गेली. जीडीडीआर५ असलेल्याचा मेमरी-वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट, २०१८मध्ये आलेल्या डीडीआर४चा १६.८. खोके जवळपास तेच, काम जवळपास निम्म्यावर. खोक्यावरचे बारीक अक्षर न वाचण्याची ही शिक्षा. जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६चे कार्ड बराच काळ या वर्गाचा राजा होते, पण एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर त्या पिढीला फक्त सुरक्षेचे अपडेट ठेवले आहेत, तेही २०२८पर्यंत. फुकटाच्या भावात मिळाले तरच घ्यावे. २०१९चे जीटीएक्स १६५० मात्र अजून ड्रायव्हरच्या छत्राखाली आहे. ७५ वॉट, चार जीबी, पूर्ण सोळा लेन, आणि छोट्या उंचीचे प्रकारही निघाले. काही कंपन्यांनी त्यालाच ६ पिनांची वायर लावली आहे, आणि ‘सुपर’ लिहिलेले तर १०० वॉटांचे वेगळेच कार्ड, तेव्हा नावावर न जाता कार्डाच्या कडेला जोड आहे का ते डोळ्यांनी पाहावे.

एएमडीचे आरएक्स ६४०० कागदावर देखणे आहे : ५३ वॉट, एका स्लॉटची जाडी. त्याचे दुखणे वेगळे. ते फक्त चार लेन वापरते. नव्या मदरबोर्डवर ते खपते. ऑप्टिप्लेक्स ३०२०मधल्या एच८१ चिपसेटवर स्लॉट दुसऱ्या पिढीचा असल्याने वाट सेकंदाला दोन गिगाबाइटांपर्यंत आवळते, आणि चार जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो. म्हणजे ज्या डब्यासाठी ते आकाराने योग्य, त्याच डब्यात ते सर्वांत दुबळे. इंटेलच्या आर्क ए३८०चीही गत तशीच. सहा जीबी, एव्ही१ एन्कोडर, पण रिसायझेबल बार ही सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग फार पडतो, आणि त्याच्या अनेक मॉडेलांना ८ पिनही लागतात. फेब्रुवारी २०२४चे आरटीएक्स ३०५० सहा जीबी हे ७० वॉटांत बसणारे कार्ड आज माझ्या मते या वर्गातले सर्वांत सरळ उत्तर आहे. नाव पुन्हा दगा देते : आठ जीबीचे ३०५० हे १३० वॉटांचे, वायर मागणारे कार्ड. ‘दोन जीबी जास्त’ म्हणून ते उचलणाऱ्याची वेस तिथेच ओलांडली जाते.

अर्थात सरळ उत्तरही प्रत्येकाचे नाही. कोरलड्रॉमध्ये फ्लेक्स करणाऱ्याचे काम मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालते. ८ जीबीची रॅम १६ केली आणि एसएसडी टाकली तर कार्डापेक्षा जास्त फरक पडतो. ऑटोकॅडच्या द्विमितीय आराखड्यांचेही तेच. सॉलिडवर्क्स वापरणाऱ्याने एनव्हिडियाच्या टी४००, टी१००० किंवा ए४०० या व्यावसायिक मालिकेकडे पाहावे. ३० ते ५० वॉट, छोटी उंची, आणि सॉफ्टवेअर कंपन्या अशा मालिकांचीच ड्रायव्हरसकट तपासणी करतात. मिक्सिंगवाल्याची गोष्ट सर्वांत गमतीची. त्याला व्हिडिओ बाहेर काढताना हार्डवेअर एन्कोडर हवा, आणि जीटी १०३० व आरएक्स ६४०० या दोघांतही तो नाही. यापैकी एक कार्ड घेऊन तो पैसे टाकून तिथेच राहील. त्यातही कॅमेऱ्यातून एच.२६५चे १० बिट ४:२:२ फुटेज येत असेल, तर ते उलगडणारे हार्डवेअर एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेपासून दिले. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र ते जमते. अशा माणसाने जुना डबा आणि कार्ड असे दोन खर्च करण्याऐवजी बाराव्या पिढीचा आय५ घ्यावा, नावाच्या शेवटी ‘एफ’ नसलेला. कार्ड नंतर पाहता येईल. खेळणाऱ्यासाठीही हा पर्याय आहे : नवा संगणक जुळवायचाच असेल तर ६५ वॉटांच्या रायझन ५ ८६००जीमधले अंगभूत ग्राफिक्स हलके खेळ कार्डाशिवाय चालवते.

‘मग एवढ्या अटी पाळून उरलेले कार्ड दोन वर्षांत जुने होणार, मोठे आत्ताच का घेऊ नये?’ हा शेवटचा आक्षेप. मोठे कार्ड घ्यायला माझा विरोध नाही; ते या डब्यात घ्यायला आहे. चौथ्या पिढीचा आय५ मोठ्या कार्डाला पुरेसे काम देऊ शकत नाही, त्यामुळे जास्तीचे पैसे रिकामे बसतात. त्याउलट ७० वॉटांचे कार्ड उद्या काढून कोणत्याही नव्या मदरबोर्डवर बसते, तिथे एसएमपीएस कोणताही असो, आणि विकायला काढले तर गिऱ्हाईकही मिळते, कारण असे डबे अजून बरीच वर्षे बाजारात येत राहतील.

जुने कार्ड घेताना दोन गोष्टी दुकानातच कराव्यात. नगरहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन आणलेली वस्तू परत करायला पुन्हा जाणे कुणालाच परवडत नाही. पहिली, जीपीयू-झेड हे छोटे मोफत सॉफ्टवेअर चालवून पाहणे. जुन्या जीटीएस ४५०वर नवे बायोस चढवून ‘१०५० टीआय’ म्हणून विकलेली कार्डे या देशात भरपूर फिरली आहेत, आणि हे सॉफ्टवेअर अशा बहुतेक कार्डांपुढे ‘फेक’ असे स्पष्ट लिहिते. दुसरी, पट्टी मागून घेणे. छोट्या डब्याला अर्ध्या उंचीची लोखंडी पट्टी लागते; ती नवीन कार्डाच्या खोक्यात सहसा असते, जुन्याबरोबर हरवलेली असते आणि सुटी सहज मिळत नाही. मॉनिटर व्हीजीएचाच असेल तर त्याच फेरीत एचडीएमआय ते व्हीजीए असा ॲक्टिव्ह कन्व्हर्टरही घ्यावा, कारण १०५० टीआयपासून पुढच्या एनव्हिडिया कार्डांतून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. पुढच्या आठवड्यात मॉनिटरकडेच वळू.