ऊस पेटला की पेटवला? आगीचा तपास कसा होतो, कायदा काय सांगतो

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, कागल, शिरोळ या पट्ट्यात एक बातमी ठरलेली असते: उसाच्या फडाला आग, अमुक एकर ऊस खाक, कारण शॉर्टसर्किट. पुढं काय झालं, हे क्वचितच छापून येतं. खरं तर शॉर्टसर्किट हा तपासाचा शेवट असायला हवा. बऱ्याच वेळा तो तपास सुरू होण्याआधीच कागदावर येतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा शब्दांचा खेळ नाही. तारा घासून ठिणगी पडली असेल तर भरपाईचा दावा वीज कंपनीवर जातो, म्हणजे सीमेच्या अलीकडं हेस्कॉमवर आणि पलीकडं महावितरणवर. शेजाऱ्यानं पाचट पेटवताना काळजी घेतली नसेल तर प्रकरण निष्काळजीपणाचं. कुणी मुद्दाम काडी लावली असेल तर तो गंभीर गुन्हा. नुकसान तेच, पण कारण बदललं की पैसे कुणाकडून आणि कसे मिळणार हे बदलतं.

कलमं कोणती?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधीच्या आगींना जुन्या भारतीय दंड संहितेची 435 आणि 436 ही कलमं लागतात. नंतरच्या आगींसाठी कलम 326 आहे. त्याच्या (फ) म्हणजे इंग्रजी ‘एफ’ उपकलमात शेतमालासह कोणत्याही मालमत्तेचं आगीनं नुकसान करण्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुन्या कायद्यात शेतमालाचं नुकसान किमान दहा रुपयांचं असावं अशी अट होती, ती आता नाही. राहतं घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवायची इमारत पेटवली तर ‘जी’ उपकलम लागतं आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

पाचट जाळताना हयगय झाली आणि लोकांच्या जिवाला किंवा मालाला धोका झाला, तर कलम 287 आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन्ही कलमांतला मुख्य फरक हेतूचा आहे.

‘माझंच गोदाम, मी जाळलं तर कुणाचं काय गेलं?’ हा युक्तिवादही चालत नाही. दुसऱ्याचं नुकसान करायच्या हेतूनं स्वतःची वस्तू नष्ट करणं हाही गुन्हाच आहे. विमा कंपनीला फसवण्यासाठी जाळलेला माल यातच मोडतो.

आग कुठून सुरू झाली?

तपासाचा पहिला प्रश्न ‘कुणी’ हा नसतो, ‘कुठून’ हा असतो. उभ्या फडात वाऱ्याची दिशा, कोणता भाग आधी जळाला, बांधावरचे खांब आणि दगड कोणत्या बाजूनं जास्त काळवंडले, यावरून मागं मागं जात सुरुवातीची जागा शोधतात. त्या जागेवरून तारा जातात का? तारांवर वितळल्याच्या खुणा आहेत का? आणि सगळ्यात साधा प्रश्न: त्या वेळी लाइट होती का? शेतीपंपांना ठराविक तासच वीज मिळते. फिडर किती वाजता चालू होता, किती वाजता ट्रिप झाला, याची नोंद सबस्टेशनला असते. त्या तारांत वीजच नव्हती, तर शॉर्टसर्किट झालं कुठून?

घरात किंवा दुकानात हे जास्त अवघड असतं. जळालेल्या वायरीवर तांब्याचे वितळलेले मणी दिसले म्हणजे आग वायरीनंच लावली, असं होत नाही. आधी लागलेल्या आगीनं वायरीचं आवरण जळून नंतर शॉर्ट झालं, तरी तसेच मणी तयार होतात. त्यावरून फार तर एवढंच कळतं की आग पोचली तेव्हा वायरीत वीज होती.

पेट्रोल किंवा रॉकेल ओतलं असेल तर त्याचा अंश माती, कापड, लाकडाच्या फटी यांत राहतो. असा नमुना साध्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवला तर वाफ निघून जाते. त्यासाठी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी लागते. हे नमुने तपासायला बेळगाव आणि कोल्हापूरला प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत, गोव्याची वेर्ण्याला आहे.

अंदाज महागात पडतो

उलटी चूकही तितकीच घातक. अमेरिकेत टेक्सासमध्ये 1991 साली एका घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या. जमिनीवरचे जळाल्याचे डाग पाहून तपासनीसांनी ‘ज्वलनशील द्रव ओतला’ असं ठरवलं. वडील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम यांना 2004 मध्ये मृत्युदंड दिला गेला. पुढं अनेक अग्नितज्ज्ञांनी सांगितलं, की खोली पूर्ण पेटली की द्रव न ओतताही तसे डाग पडतात.

आपल्याकडं आग लावताना पाहणारा साक्षीदार क्वचितच मिळतो, सगळा भार परिस्थितीजन्य पुराव्यावर असतो. शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1984 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की अशा पुराव्याची साखळी पूर्ण हवी आणि आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता त्यात उरता कामा नये. जुनं भांडण, बांधाचा वाद हे कारण असू शकतं, पण तेवढ्यावर शिक्षा होत नाही.

तोडीची घाई आणि पुरावा

खरी अडचण इथंच आहे. जळीत ऊस ताबडतोब तोडावा लागतो. उशीर झाला की वजन घटतं, साखर उतरते, आणि जळीत म्हणून कपात होते ती वेगळीच. पण टोळी फडात शिरली, ट्रॅक्टर फिरले, की पुरावाही उसाबरोबर कारखान्याला जातो.

म्हणून तोडीआधी दोन-तीन तास काढावेत. चारही बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ, तारा आणि खांबांचे जवळून फोटो, आग पहिल्यांदा दिसली त्याची वेळ आणि पाहणाऱ्यांची नावं लिहून ठेवावीत. पोलिस आणि महसूल खात्याचा पंचनामा मागावा, वीज कंपनीला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. सुरुवातीची जागा कळली असेल तर तेवढा तुकडा तोडायचा ठेवावा.

सीमाभागात घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात, असं सर्रास असतं. ‘तुमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवलं तर लक्षात ठेवावं: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्यानं नोंद नाकारली तर लेखी तक्रार पोलिस अधीक्षकांकडं पाठवता येते.

फिर्यादीत कारण ठाऊक नसेल तर ‘कारण अज्ञात, तपास व्हावा’ असंच लिहावं. घाईत ‘शॉर्टसर्किट’ लिहिलं की पुढं तेच पुसणं अवघड जातं.