संग्राह्य नाणी : खरेदी आणि पारख

संस्थेचा रौप्यमहोत्सव म्हटला की चांदीच्या नाण्याची आठवण होतेच. लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपया मांडणारी, बारशा-मुंजीत चांदीचे नाणे देणारी कुटुंबे आपल्या हजीरा परिसरात पुष्कळ आहेत. कित्येकजण टांकसाळीची स्मारक नाणीही हौसेने मागवितात. या खरेदीत गाठीचा पैसा गुंततो आणि ठेव म्हणून तो पुढच्या पिढीकडे जातो. म्हणून पारखीच्या चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

आपला हा मुलूख नाण्यांचाच. सुरतेस मोगलांची टांकसाळ होती. पुढे इंग्रजांच्या कंपनीनेही शहा आलम बादशहाच्या नावाने सुरती रुपया पाडला. नवल असे, की सुरतेचे नाव असलेले कित्येक रुपये मुंबईच्या टांकसाळीत पाडले गेले! नाण्यावरचे अक्षर वाचणे निराळे आणि नाणे ओळखणे निराळे, हे यावरून ध्यानी यावे.

प्रथम टांकसाळीची नवी नाणी घेऊ. मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथे सरकारी टांकसाळी आहेत. संग्राहकांसाठी त्यांची नाणी मुख्यतः दोन प्रकारची असतात. 'प्रूफ' नाणे खास झिलई दिलेल्या ठशांनी पाडतात. त्याचे मोकळे अंग आरशासारखे चमकते. दुसरा प्रकार चलनात न फिरलेल्या नाण्यांचा. ही नाणी पाडताना एकमेकांवर आपटतात. त्यामुळे त्यांवर बारीक ओरखडे असू शकतात. तेवढ्याने ती सदोष ठरत नाहीत. प्रूफ नाण्यावर मात्र ओरखडा, बोटाचा ठसा वा पांढुरका डाग असल्यास तक्रार अवश्य करावी. टांकसाळीचे नाव ही नाण्याच्या खरेपणाची हमी आहे; प्रत्येक नग निष्कलंक असेलच असे नाही. म्हणून पुडके येताच उघडावे, छायाचित्र काढावे आणि दोष दिसल्यास पावतीसह लगेच कळवावे.

काळवंडण्याविषयीही गैरसमज फार. १९६९ च्या गांधी शताब्दीच्या दहा रुपयांत ८० टक्के चांदी होती. १९७२ च्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दहा रुपयांत ५० टक्केच. शंभर रुपयांच्या अनेक स्मारक नाण्यांत चांदी निम्मी, तांबे ४० टक्के आणि बाकी निकेल व जस्त असते. असे नाणे डबीतही काळे पडू शकते. ही फसवणूक नव्हे. पण 'चांदीचे' एवढे ऐकून न थांबता चांदी किती, हे विचारावे.

आता विक्रेत्यांकडील जुनी नाणी. राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. वजनात ठळक फरक पडला तर सावध व्हावे. ओतीव नकलेच्या किनारीवर बहुधा सांध्याची रेघ दिसते आणि अक्षरे बोथट असतात. लोहचुंबकाला चिकटले नाही म्हणून नाणे चांदीचे ठरत नाही. तांबे-पितळही चिकटत नाही. आवाज खणखणीत आला तरी तो एकच पुरावा मानू नये.

काही नाणी तर मुळातच बनावट असतात. राम-सीता किंवा मारुती असलेली, १८१८ साल घातलेली 'कंपनीची' तांब्याची नाणी सर्रास विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. शिवकालीन सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ आहे. स्वस्तात मिळणारा होन पितळेचाच समजावा. शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या. तेव्हा प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळची नव्हे.

जुने नाणे लाखोंना विकून देतो, आधी दलाली भरा, असे सांगणारेही भेटतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या अशा ठकबाजीविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे. परदेशी असलेल्या मुलांना जुनी नाणी पाठविणाऱ्यांनीही जपावे; १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची नाणी खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत.

शेवटची विनंती गृहिणींस. देवघरातील जुना रुपया चिंच वा राखेने घासू नये. घासल्याने वरचा थर आणि बारीक नक्षी जाते, आणि संग्राहकांच्या लेखी मोलही उतरते. नरम प्लॅस्टिकच्या पाकिटाऐवजी कोऱ्या कागदात कोरड्या जागी ठेवावा. आणि नवे घेताना नाणे आधी पाहावे, मग तोलावे, आणि पैसे त्यानंतरच मोजावेत.