स्टेअरिंगचा शॉकअप आणि जांभ्याची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रत्नागिरीत जीप ही पूर्वी हौसेची वस्तू नव्हती, गरजेची होती. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे तिच्याच वंशातल्या गाड्या आपल्या वाड्यावाड्यांवर पोचल्या. वडापची कमांडर, बागेतून आंब्याच्या पेट्या काढणारी एमएम ५४०, चिरेखाणीवरची नुसत्या सांगाड्याची जीप, ही सगळी मंडळी मी गॅरेजात खालून पाहिली आहेत. आता हौसही आली. सड्यावर, पऱ्ह्यात, चिखलात गाडी घालायची आणि बाहेर काढून दाखवायची! ही तरुण मुलं येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, गॅसचा स्टॅबिलायझर बसवू का? गाडी स्टेअरिंगला एकदम सरळ चालते म्हणे."

हा स्टॅबिलायझर म्हणजे स्टेअरिंगचा शॉकअप. चाकांजवळ उभा असतो तसाच, फक्त आडवा झोपवलेला. त्याचं एक टोक अॅक्सलला किंवा चासीला बांधलेलं असतं आणि दुसरं टाय रॉडला, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकत्र वळवणाऱ्या दांडीला. आत तेल, तेलात बारीक भोकांचा दट्ट्या. पाण्यात हात सावकाश फिरवा, पाणी वाट देतं. तोच हात जोरात मारा, पाणी अडवतं. शॉकअपचं सगळं शास्त्र एवढंच. तुम्ही स्टेअरिंग शांतपणे वळवता तेव्हा तो जवळजवळ गप्प बसतो. चाकाला अचानक ठोका बसला की मात्र तो आडवा येतो.

हा ठोका येतो कसा? जुन्या जीपला आणि जिप्सीला पुढे अखंड अॅक्सल. २०२३ साली आपल्याकडे आलेल्या जिम्नीलाही तोच, पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगवर. डावं चाक जांभ्याच्या कडेवर आपटलं की ते बाजूला फिरायला बघतं, टाय रॉड ती ओढ उजव्या चाकाला देतो आणि ड्रॅग लिंकमधून ती तुमच्या हातापर्यंत येते. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत स्टेअरिंगच्या आत अंगठा अडकवून बसलेल्या माणसाचा अंगठा त्या झटक्यात दुखावतो. म्हणून जुने ड्रायव्हर खडकावर अंगठा बाहेर ठेवतात. जिम्नीला कंपनीनेच हा डॅम्पर दिला आहे, तो याच झटक्यासाठी. आणि मोठे टायर, बाहेर आलेल्या रिमा घातल्या की चाकाची ओढ आणखी लांब तरफेवरून बसते, झटका वाढतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत असे फेरफार करू देत नाही, तेही ध्यानात असू द्या.

आता गॅस कशासाठी? खडबडीत रस्त्यावर दट्ट्या सारखा मागेपुढे धावतो. त्याच्या मागच्या बाजूला दाब घसरतो, तेलात बुडबुडे होतात आणि फेसाळलेलं तेल काही अडवत नाही. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी घट्ट बसली आहे तोवर आत बुडबुडा दिसत नाही, गोटी आत ढकलली की फेस. तेलावर नायट्रोजनचा दाब ठेवला की बुडबुडे धरायला वाव राहत नाही. एकाच नळीत सरकत्या पडद्यामागे गॅस भरण्याची युक्ती द कार्बों या फ्रेंच संशोधकाची. बिलस्टाईन कंपनीने ती १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांत आणली.

म्हणजे गॅस चांगला. मग माझी तक्रार काय? तक्रार अशी की हा गॅस दांडीला सतत बाहेर ढकलत असतो. हिशेब सोपा आहे. दांडी १२ मिलिमीटर जाड धरली तर तिचं तोंड साधारण १.१३ चौरस सेंटिमीटर. आतला दाब चौरस सेंटिमीटरला १० किलो धरला तर ११ किलोंचा रेटा. तो एकाच दिशेने, रात्रंदिवस. उभ्या शॉकअपमध्ये गाडीच्या वजनापुढे हा रेटा कोणाला कळत नाही. पण आडवा लावला की तो चाकं एका अंगाला वळवू पाहतो. स्टेअरिंग बॉक्समधून हातापर्यंत येईतो तो बराच कमी होतो, तरी हातखंब्याहून पालीकडे जाताना सरळ पट्ट्यात पकड सैल केली की गाडी सारखी एकीकडे झुकते. एका बाजूच्या वळणातून स्टेअरिंग चटकन परत येतं, दुसरीकडच्या वळणातून रेंगाळतं. मग लोक अलाइनमेंट करत सुटतात. शॉकअपचं एक टोक सोडा आणि मोकळ्या जागी हळू चालवून पाहा, ओढ गेली तर दोषी सापडला. नवा घेतानाही दांडी दाबून सोडा. आपली आपण बाहेर सरकली तर आत गॅसचा दाब आहे. ओढ नको असेल तर दोन शॉकअप समोरासमोर लावतात, म्हणजे दोघांचे रेटे एकमेकांना खातात. नुसते दिसायला दोन, तेही एकाच दिशेने लावलेले, असंही मी पाहिलं आहे!

वाळवंटात तासन्तास नालीदार रस्त्यावर पळणाऱ्या गाडीचं तेल तापतं, तिथे जास्त दाबाचा गॅस हवाच. आपल्याकडचा वाईट पट्टा एक-दोन किलोमीटरचा, तोही पहिल्या-दुसऱ्या गिअरचा. तिथे कमी दाबाचा दुहेरी नळीचा, किंवा साध्या तेलाचा, माझ्या मते पुरतो. एकेरी नळीत दट्ट्या थेट बाहेरच्या नळीलाच घासून चालतो. जांभ्याने तिला पोचा पाडला की काम संपलं. दुहेरी नळीला आतली वेगळी नळी असते, ती बाहेरचा छोटा पोचा सोसते. दुसरा शत्रू खारा वारा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि समुद्र शेजारी, दांडीवर गंजाचे ठिपके धरतात, ठिपके सील कापतात, तेल गळतं. पावसाळ्यानंतर दांडी पुसून बघायला दोन मिनिटं लागतात. आणि कृपा करून दुसऱ्या गाडीचा उभा शॉकअप आडवा ठोकू नका. त्यात हवा तेलात शिरते. शिवाय तो जाताना सोपा आणि येताना कडक असतो, स्टेअरिंगचा मात्र दोन्हीकडे सारखा लागतो.

सगळ्यात जपायचं ते वेगळंच. पावसकडच्या एका बागायतदाराची जुनी जीप माझ्याकडे आली. साठाच्या पुढे एखादा खड्डा लागला की पुढचा भाग असा फडफडायचा की स्टेअरिंग हातात ठरायचं नाही. कोणीतरी महागडा गॅसचा स्टॅबिलायझर बसवून दिला होता. दोन महिने फडफड थांबली, मग दुपटीने आली. मी इंजिन बंद ठेवून एका पोराला स्टेअरिंग थोडं डावं-उजवं हलवायला सांगितलं आणि खाली झोपलो. टाय रॉडचा बॉल जॉइंट बोटाला कळेल इतका खळखळत होता, किंग पिनच्या बेअरिंगमध्येही प्ले होता. स्टॅबिलायझर ते दोन महिने झाकत होता, आणि तेवढ्या काळात जॉइंट आणखी झिजला. तोच आंबा घाटात पेट्यांसकट सुटला असता तर? एकाएकी फडफड सुरू झालीच तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टेअरिंग घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या.

त्यामुळे माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग, मग चाकाचं बेअरिंग, बॉल जॉइंट, किंग पिन, पाट्याचे बुश, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट. गाडी उंच केली असेल तर कॅस्टर, कारण तो कमी झाला की चाकं सरळ राहण्याची आपली आपण धडपड करत नाहीत. हे सगळं घट्ट झाल्यावर हवा तर स्टॅबिलायझर. फार कडक नको. चिखलात पुढची चाकं घसरू लागली की ती बातमी हातालाच आधी कळते, कडक शॉकअप ती गिळून टाकतो.

बसवताना एक गोष्ट माझ्यासमोर करून घेतो. गाडी जॅकवर, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चाकं सरळ असताना दांडी बरोबर अर्ध्यावर असली पाहिजे आणि दोन्हीकडे पूर्ण वळल्यावरही थोडी शिल्लक. ती आधीच संपली तर स्टेअरिंग तिथेच अडतं, आणि साखरप्याच्या वरच्या चढाला हेअरपिन वळणात, समोरून एसटी येत असताना, तेवढाच वळसा कमी पडतो.