काळ्या मातीचा बैल : आदिलाबादकडे जोडी कशी निवडत, कशी सांभाळत

युरोपातल्या जड ओढीच्या घोड्यांची चित्रं पाहून आपल्याला प्रश्न पडतो, की असा घोडा आपल्या शेतात का नाही दिसला? घोडा आपल्या ओळखीचाच होता. मराठ्यांच्या फौजेत भीमथडी घोडा होता आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांचा बाजार आजही भरतो. पण हे घोडे स्वारीचे. ओढीचं काम आपल्याकडे बैलाचं.

त्याला कारणं आहेत. आपल्या बैलाला वशिंड असतं. जू त्याच्या पुढे मानेवर बसतं आणि एक लाकडी दांडा दोघांना पुरतो. घोड्याला मात्र गादीचं जड गळपट्ट्याचं साज लागतं. घोड्याला दाणा हवा, तर बैल कडब्यावर भागवतो. शिवाय पावसाळ्यात आपली काळी माती चिकण होते, तिथे बैलाचं दुभंगलेलं खूर फाकतं आणि पाय सोडवून घेतं.

पेनगंगेच्या अल्याड-पल्याड काम करणारे बैल मुख्यतः दोन दिशांनी आले. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजाकडून गवळाऊ : पांढरा, लांबट तोंडाचा, चालीला चपळ. बंडीला नंबर एक. दुसरा नांदेडच्या कंधार भागातला लाल कंधारी : गर्द तांबडा, आटोपशीर बांध्याचा आणि चिवट. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. भाषावार प्रांतरचनेत तो नांदेडला गेला, पण सोयरीक आणि बाजार रेघ बघून थांबत नाहीत. जनावरांची ये-जा चालूच राहिली.

आता निवड. जुन्या जाणत्यांकडून मी ऐकलेला क्रम असा. आधी दात. साधारण अडीच वर्षांनी पहिले दोन पक्के दात येतात आणि चार-साडेचार वर्षांपर्यंत आठही होतात, मग बैल ‘जुळला’ म्हणायचं. दोन-चार दातांचा घेतला तर शिकवता येतो आणि पुढं बरीच वर्षं काम देतो. मग खूर : काळं, टणक, मधली फट अरुंद. छाती रुंद, पाय सरळ. मानेवर जुन्या जखमेचा वण आहे का, तेही हात फिरवून बघायचं. शेवटी चालवून बघायचं, नुसतं उभ्यानं नाही. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडला, तर चाल चांगली.

आणि खरी पारख जोडीची. एक उंच, एक ठेंगणा असला की जू तिरकं होतं, सगळा भार एकाच्या मानेवर येतो आणि खांदेसूज धरते. म्हणून उंची आणि चाल जुळली पाहिजे, रंग नंतर बघू. एकदा डावीकडे शिकलेला बैल उजवीकडे जुंपला की बावरतो, हेही विकत घेताना विचारून घ्यायचं.

सांभाळण्यात मोठी विद्या नाही, पण रोजची आहे. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर, नाहीतर उतरत्या उन्हात. कामाच्या दिवसांत कडब्याबरोबर सरकी किंवा ढेप. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्यायची. डांबरी रस्त्यावर बंडी चालायची असेल, तर पत्र्या मारायच्या. घोड्याच्या पायाला एक नाल, बैलाच्या खुराला दोन, कारण खूरच दोन भागांचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकायची, तूप-हळद चोळायची रीत आहे. ती नुसती पूजा नाही. वर्षभर जू वाहणाऱ्या मानेकडे नीट बघण्याचा तो दिवस.

जिल्ह्यात बंडीचा मान अजून आहे. इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिथे मेस्राम कुळातली गोंड कुटुंबं बैलबंड्यांनी येण्याची रीत आहे.

पण वर्षातून एकदा निघणाऱ्या बंडीवर वाण टिकत नाही. इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. जुंपायचा बैल खच्ची केलेला असतो, त्याला वंश नाही. वंश चालतो तो गाय आणि वळूवर. लाल कंधारी गाय दुधाला बेताची, ती पाळतात मुख्यतः गोऱ्ह्यासाठी. ट्रॅक्टर आला, गोऱ्ह्याचं गिऱ्हाईक गेलं, की मालक गाय कशाला ठेवेल? त्यात ज्वारीच्या जागी कापूस आणि सोयाबीन आलं, म्हणजे कडबाही गेला. इंग्लंडमध्ये सफोक पंच घोड्याचं असंच झालं. शेतातलं काम गेलं आणि एकेकाळचा नावाजलेला घोडा आज दुर्मिळ जातींच्या यादीत आहे.

म्हणून आपण वारसाप्रेमी मंडळींनी वाडे आणि शिलालेखांबरोबर हेही टिपून ठेवावं : कोणत्या गावात कोणत्या रंगाची जोडी होती, कोणत्या बाजारातून आली, पत्र्या कोण मारायचं, जू कोणत्या लाकडाचं असायचं. हे सांगणारी माणसं अजून आहेत. आणि गावात कुणी गोऱ्हा विकायला काढला असेल, तर गिऱ्हाईक जुळवून द्या. वाण वाचवायचं तर त्या गोऱ्ह्याला काम मिळालं पाहिजे.