एक दार डाळिंबाचं, एक दार कांद्याचं
(अहिल्यानगर जिल्ह्यातील फळे व भाजीपाला निर्यात या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय शेतमाल निर्यातीच्या भवितव्याचा. विषय जगभर फिरवता येईल, पण मी आपल्या जिल्ह्याबाहेर गरजेपुरताच जाणार आहे. आपल्याकडे राहाता, संगमनेर भागात डाळिंब आहे. नेवासा, राहुरी, पारनेर, श्रीगोंदा भागात कांदा आहे. दोन्ही माल परदेशात जातो. मात्र डाळिंबाच्या दाराची किल्ली बहुतेक वेळा समोरच्या देशाकडे असते, आणि कांद्याच्या दाराची किल्ली दिल्लीत असते. हा फरक मला आज नीट समजावून सांगायचाय, कारण शेतकऱ्याला कोणत्या दारासाठी तयारी करता येते आणि कोणत्या दारापुढे नुसतं बसून राहावं लागतं, हे त्यातून कळतं.

आधी डाळिंब घेऊ. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी निवडलेला 'गणेश' आपल्यापैकी जुन्या लोकांनी लावलेला असेल. नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं पुढे आणलेला 'भगवा' आला. रंग गडद, साल जाड, दाणा मऊ. प्रवासाला टिकणारं फळ हेच.

आता आपली खरी ताकद कुठे आहे ते बघा. स्पेन, तुर्कस्तान, इजिप्त या देशांत डाळिंबाचं झाड हिवाळ्यात पानं टाकून झोपतं. फळ वर्षातून एकदाच, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या आसपास. आपलं झाड मात्र आपण म्हणू तेव्हा फुलतं. पाणी तोडायचं, ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी करून पुन्हा पाणी सोडायचं, की बहार धरला. मृग, हस्त, आंबे असे तीन बहार. त्यातला हस्त बहार धरला तर फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाताशी येतं. त्या वेळी स्पेन-तुर्कस्तानचा ताजा माल संपलेला असतो आणि पेरूचा नुकता सुरू होत असतो. ही फट आपली आहे. पेरू म्हणजे दक्षिण अमेरिकेतला देश बरं का, राहात्याचा पेरू नव्हे!

पण त्या फटीतून आत शिरताना तपासणी होते. युरोपमध्ये एखाद्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल, तर एक सरसकट आकडा लागतो. किलोला ०.०१ मिलिग्रॅम. ऐकायला काहीच वाटत नाही ना? हिशेब करून बघू. एका टनाला १० मिलिग्रॅम, म्हणजे १०० टन डाळिंबात सगळं मिळून एक ग्रॅम. चौदा टनांचा कंटेनर धरला तर पूर्ण कंटेनरमध्ये ते औषध १४० मिलिग्रॅमच्या वर नको. चिमूटभर मीठसुद्धा याच्याहून जास्त भरतं. त्यामुळे आपल्या दुकानात रीतसर मिळणारं, परवाना असलेलं औषध मारूनही तिकडे माल नापास होऊ शकतो. शेतकऱ्याला वाटतं आपण काही चोरी केलेली नाही. खरंच केलेली नसते. पण नियम तिकडचा असतो.

इथेच आपली कोंडी होते. तेल्या आला की माणूस घाबरतो. बाग डोळ्यांदेखत जाते. आपल्या जिल्ह्यात तेल्या आणि मर यांच्यापायी कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या आहेत. तेल्या हा जिवाणूचा रोग, म्हणून वर्षानुवर्षं लोक त्यावर अँटिबायोटिक फवारत आले. रोग म्हणतो मार, बाजार म्हणतो मारू नको. यातून सुटायला औषधाच्या यादीपेक्षा बहाराची निवड जास्त कामाची. पावसाळ्यात, दमट हवेत तेल्या फोफावतो, म्हणून मृग बहार सगळ्यात जोखमीचा. निर्यातीचा महिना आणि रोग कमी असण्याचा हंगाम हे दोन्ही हस्त बहारात बऱ्यापैकी जुळतात, हे आपलं नशीबच म्हणायचं.

हे दार बंद होऊन पुन्हा उघडतं का? उघडतं. शेजारच्या नाशिकचं २०१० सालचं द्राक्षाचं उदाहरण घ्या. वाढ रोखण्यासाठी वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे अंश युरोपात सापडले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. कंटेनर बंदरात अडकले, बागायतदारांना जबर फटका बसला. पण कारण लेखी होतं. यादी दुरुस्त झाली, 'ग्रेपनेट'मधली तपासणी कडक झाली आणि द्राक्ष पुन्हा युरोपात गेलं. त्याच धर्तीवर डाळिंबासाठी 'अनारनेट' आहे. बागेची नोंदणी, प्लॉटला क्रमांक, फवारणीची नोंद, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत. पेटीवरच्या क्रमांकावरून बागेपर्यंत मागे येता आलं पाहिजे.

अमेरिकेचंही तसंच. २०१७-१८ मध्ये किडीच्या कारणावरून आपलं डाळिंब तिकडे थांबलं. मग विकिरण, तिकडच्या निरीक्षकांची तपासणी, सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासोबत साठवणुकीची पद्धत बसवणं, असं काम झालं. फळ साठ दिवसांपर्यंत टिकेल अशी ती पद्धत. २०२३ मध्ये विमानानं चाचणी झाली आणि मार्च २०२५ मध्ये समुद्रमार्गे गेलेल्या ४,६२० पेट्या, सुमारे १४ टन माल, पाच आठवड्यांनी न्यूयॉर्कला पोचला. विमानभाड्यात जो पैसा जातो तो जहाजात वाचतो, म्हणून या १४ टनांना मी आकड्यापेक्षा जास्त महत्त्व देतो.

अर्थात समोरचा देश नेहमी शहाणपणानंच वागतो असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्यात फळाचा काय दोष? माझ्या मांडणीला इथे छेद जातो, हे कबूल. पण एका देशानं दार लावलं तर दुसरीकडे जाता येतं. आखाती देश आहेत, युरोप आहे, ऑस्ट्रेलिया आहे. सोलापूर भागातलं डाळिंब जानेवारी २०२५ मध्ये जहाजानं सिडनीला उतरलं.

कांद्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे दार आपल्याच बाजूनं लागतं, आणि सगळ्या देशांसाठी एकदम लागतं.

गेल्या काही वर्षांच्या तारखा सांगतो. सप्टेंबर २०१९, निर्यातबंदी. मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२०, पुन्हा बंदी. जानेवारी २०२१ मध्ये उठली. १९ ऑगस्ट २०२३, ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर. ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी. ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला शुल्क संपलं. आता उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत भरणाऱ्या माणसानं या तारखांवर काय नियोजन करायचं?

"शुल्क निर्यातदार भरतो, आम्हाला काय," असं काही जण म्हणतात. समजा, परदेशी खरेदीदार किलोला २८ रुपये द्यायला तयार आहे. पाकिस्तान, इजिप्त त्याला त्याच भावात देतात, त्यामुळे तो २८ च्या वर जाणार नाही. ४० टक्के शुल्क असेल तर त्या २८ मध्ये किंमत २० आणि शुल्क ८. निवड, गोणी, हमाली, वाहतूक, नफा मिळून ८ धरा. शुल्क नसताना शेतकऱ्याला २० मिळाले असते, शुल्क असताना १२ मिळतात. शुल्क मागे मागे सरकत तुमच्या चाळीपर्यंत येतं. आणि घोडेगावच्या लिलावात उभा असलेला जो कांदा परदेशात जाणारच नाही, त्याचाही भाव त्याबरोबर उतरतो.

दुसरी बाजूही आहे, ती लपवायची नाही. पावसाळा संपताना चाळीतला कांदा संपत येतो, सड-कोंब-घट यांत पाव भागाहून जास्त गेलेला असतो आणि खरीप पावसात सापडला की शहरात भाव भडकतो. मजूर माणसाला ते जड जातं. सरकारनं काहीच करू नये असं मी म्हणत नाही. माझी तक्रार रातोरात करण्याबद्दल आहे. युरोपचा ०.०१ कितीही जाचक असला तरी तो आधी छापलेला असतो. कांद्याचा नियमही तसा छापा की! भाव अमुक पातळीवर गेला तर तमुक होईल, करार झालेला माल जाऊ दिला जाईल, इतक्या दिवसांची सूचना मिळेल. २०१९ च्या बंदीनंतर शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा हसत हसत हेच म्हणाल्या होत्या. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, निदान आधी कळवत तरी जा. गिऱ्हाईक हसून सांगतं तेव्हा ते दुसरं दुकान शोधायला लागलेलं असतं. आपली कांदा निर्यात २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख टन होती, २०२३-२४ मध्ये ती १७ लाखांवर आली.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, मग आम्ही कांदा सोडून डाळिंब लावायचं का?)

नाही, असा अर्थ काढू नका. डाळिंबाला भांडवल लागतं, पहिलं उत्पन्न यायला वेळ लागतो आणि तेल्याची टांगती तलवार आहेच. कांदा चार महिन्यांत पैसा देतो. कांदा करा, पण घराचं सगळं गणित निर्यातीच्या भावावर बांधू नका. सगळी चाळ एकाच तेजीसाठी अडवून ठेवू नका, टप्प्याटप्प्यानं काढा. डाळिंब असेल त्यानं मात्र निर्यात करायची असो वा नसो, वही आजपासून लिहायला घ्या.

(श्रोत्यांतून प्रश्न : वहीत नेमकं काय लिहायचं?)

फवारणीची तारीख, प्लॉट, औषध, किती लिटर पाण्यात किती, कशासाठी मारलं आणि मारल्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं. औषधाचं नाव लिहिताना दुकानदार जे सांगतो ते लिहू नका, बाटलीवर बारीक अक्षरात तांत्रिक नाव असतं ते लिहा. ते वाचता येत नसेल तर लेबलचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच बाटली टाका. घरात जो फवारणीचं पाणी भरतो त्याच्याकडेच वही द्या. आठवड्यानं आठवून लिहिलेली वही तपासणीत पाच मिनिटं टिकत नाही.